आत्याच्या पाकाचं सोवळं

आमच्या घरात गोड कुणी खात नसे. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करते आहे. पण ज्या घरात सकाळी डोळे उघडायच्या आधी साखर उकळायला लागते, अंगणात, अंथरुणात, ओल्या वेणीत, वह्यांच्या पानांत जिथं तिथं पाकाचा वास बसलेला असतो, त्या घरातल्या माणसांना ताटात काय हवं असणार? हुलग्याची शेंगोळी, तीसुद्धा लसणानं झणझणीत, बाजरीची भाकरी आणि वर ठेचा. आई म्हणायची, "या घरात साखर सरत न्हाई आन् मिरची पुरत न्हाई." सणाला पुरण घातलं जायचं ते देवासाठी आणि पाहुण्यांसाठी. आम्ही आपले कटाच्या आमटीवर तुटून पडायचो, आणि पोळीचा शेवटचा तुकडा कुणाच्या ताटात ढकलायचा यावरून भांडायचो. आता डॉक्टर मला गोड वर्ज्य करा म्हणतात तेव्हा हसू येतं. मला काय सांगता, म्हणावं.

घोडेगावात रस्त्याला लागूनच आमची भट्टी होती. पुढं दुकान, मागं भट्टी, आणि त्या दोहोंच्या मध्ये कसंबसं कोंबलेलं घर. जनावरांच्या बाजाराच्या दिवशी पहाटेपासून टेम्पो लागायचे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, म्हशींचं हंबरणं, व्यापाऱ्यांची उपरण्याखाली बोटं धरून चाललेली घासाघीस, हे सगळं ऐकत मी वेणी घालायची आणि नगरला कॉलेजात जायची एसटी गाठायची. बाजाराला आलेला माणूस बैल विकून जावो नाहीतर घेऊन जावो, घरी पोरांसाठी पुडीभर लिंबाच्या गोळ्या नेणारच. त्या गोळ्या आमच्या. रंग नाही, बिंग नाही, पाण्याच्या थेंबासारखी स्वच्छ गोळी. दाताखाली धरली की कट्‌ करून फुटायची. हे बारा महिन्यांचं काम. आणि शिमगा जवळ आला की गाठींचं काम सुरू. पाडव्याला गुढीला बांधायच्या माळा, आणि घरात नवं बाळ असेल तर त्याच्यासाठी साखरेचे हार-कडे. गाठी पांढरी शुभ्र, अपारदर्शक, बोटानं दाबली की भुगा होणारी. साखर तीच, कढई तीच, आच तीच. एका खेपेतून काच निघायची, दुसरीतून खडू. लहानपणी यात मला काहीच नवल वाटलं नाही. नवल वाटायला माणसाला थोडं बाहेर जाऊन यावं लागतं.

कढईवर बसायची ती माझी कौसाआत्या, अण्णांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत परत आली. का आली ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. अण्णांनी पाकाला एक कारागीर ठेवला होता, तो ऐन जत्रेच्या तोंडावर पळून गेला. तेव्हा आत्या लुगड्याचा काष्टा आवळून त्याच्या पाटावर बसली ती बसलीच. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, घड्याळ कळायचं नाही, पण पाक तिला कळायचा. शेजारी गार पाण्याचं पातेलं. त्यात उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवायचं, तेच झटकन उकळत्या पाकात, आणि परत पाण्यात. डोळ्याचं पातं लवायच्या आत. बोटावर आलेला पाक अंगठ्यानं चोळून ती सांगायची, "आजून न्हाई," किंवा "आता," किंवा "गेला." आता म्हटलं की कढई उतरलीच पाहिजे. मी पुढं आयुष्यभर महागडी यंत्रं वापरली, साता समुद्रापलीकडची माणसं पाहिली, पण एवढ्या खात्रीनं 'आता' म्हणणारं कुणी भेटलं नाही. हे मी लाडानं म्हणत नाही. खरंच भेटलं नाही.

आत्याचं एक खूळ मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भट्टीत दोन डबे असायचे. गोळ्या पाडताना उरलेला चुरा एका डब्यात, गाठींचा चुरा दुसऱ्यात. गोळीचा चुरा परत गोळीच्याच पाकात जायचा, गाठीचा गाठीच्याच. चुकूनसुद्धा इकडचं तिकडं नाही. गोळीच्या डब्यातला चमचासुद्धा गाठीच्या डब्याला लागता कामा नये. कुणी विचारलं तर उत्तर एकच, "न्हाई म्हनलं ना." आई हसायची आणि म्हणायची, "वन्सं, सोवळं पाळायचं तर देवघरात पाळा, डब्याला कशाला?" आत्या लक्षच द्यायची नाही. आणि मी तर काय, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. गावातली पहिली पोरगी नगरला जाऊन शास्त्र शिकते म्हणून आधीच नाक वर. साखरेचं रासायनिक सूत्र पाठ होतं मला. डब्यांचं हे सोवळं बघून मला कीव यायची आत्याची. तेव्हाच्या मला आज समोर बसवून दोन गोष्टी ऐकवाव्यात असं फार वाटतं.

त्या वर्षी पाडव्याला नगरच्या व्यापाऱ्यानं गाठींची मोठी मागणी दिली होती. घरात हातघाई चाललेली. त्या सकाळी आत्या आंघोळीला गेली आणि जाताना मला म्हणाली, "सुमे, कढईत साखर वत, वरून गाठीचा चुरा टाक, पानी घाल आन् जाळ लाव." गाठीच्या डब्यात चुरा तळाला गेलेला. गोळीचा डबा मात्र गच्च भरलेला, शिगोशीग. आता गाठींच्या घाईत गोळीचं काम थांबलेलं, हा चुरा उन्हाळ्यात महिनाभर पडून चिकट होणार. मी मनात म्हटलं, साखर ती साखर. रंग नाही, काही नाही, कुणाला कळतंय. आणि अख्खा डबा उपडा केला. साखरेत तो चुरा असा मिसळून गेला की माझं मलाच दिसेना. फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

आत्या आली, पाटावर बसली. दुधाचा हबका मारून मळी काढली. बोट घातलं, काढलं. परत घातलं. भुवया जवळ आल्या. "आज पाक लाडात आलाय," एवढंच म्हणाली. पुन्हा एकदा बोट घालून, थोडं थांबून, "आता." कढई उतरली. मग गाठीच्या पाकाचं खरं काम, घोटणं. लाकडी दांड्यानं पाक कढईच्या अंगाला चोळत राहायचं. एरवी चार-दोन हातांत पाक धुरकट व्हायचा, दाणा धरायचा, आणि भराभर दोरे घातलेल्या लाकडी साच्यांत ओतायचा. त्या दिवशी आत्या घोटते आहे, घोटते आहे, आणि पाक आपला चकाकतो आहे. शेवटी निवायला लागला म्हणून तसाच ओतला. साचे उघडले तर गाठी पिवळसर, आरपार दिसणाऱ्या, हातात धरल्या तर वाकणाऱ्या. निम्म्या साच्यालाच चिकटून राहिलेल्या. आत्यानं एक उचलून उन्हाकडं धरली. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. अण्णा दारात उभे होते.

आत्यानं आपलं बोट पाहिलं. ते तसंच होतं, काळंनिळं, टोकाशी कातडं राठ झालेलं. मग ती शांतपणे अण्णांना म्हणाली, "माजं बोट गेलं. ते म्हनतंय झालं, पाक म्हनतोय न्हाई. आता तू दुसरा मानूस बघ." अण्णा म्हणाले, "आक्का, येखांदी खेप बिघडती." ती म्हणाली, "माजी कदी बिघडली का?" आणि कढई घासायला घेतली.

मी तिथंच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. का बोलले नाही याची कारणं मी पुष्कळ वर्षं शोधली. भीती होती म्हणावं, तर आत्यानं मला कधी बोट लावलं नव्हतं. खरं कारण लाजिरवाणं आहे, आणि आता या वयात लिहायला हरकत नाही. शिकलेली मी चुकले आणि अडाणी आत्याचं खूळ बरोबर ठरलं, हे मला सोसेना. त्यापेक्षा तिचं बोट गेलं हे सोसवत होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा कारागीर शोधायला नगरला गेले. भट्टी गार. घरात इतकी शांतता की रस्त्यावरचे ट्रक मोजावेत. आत्या आईबरोबर तांदूळ निवडायला बसली. तिला नीट निवडताही येईना, सवयच नव्हती. आणि मग मी पाहिलं, ती मधूनच उठते आहे. तव्यावरून उतरलेल्या भाकरीला बोटाचं टोक लावते, काढते. माठातल्या पाण्यात बुडवते. सुपारीच्या अडकित्त्याच्या पात्यावर हळूच टेकवते. कुणी पाहत नाही ना, हे बघून. बोटाला अजून कळतं का, हे ती तपासत होती. तिच्याकडं आयुष्यात दुसरं काय होतं? नवरा नाही, पोर नाही, नावावर जमीन नाही. एक बोट होतं, आणि ते मी तिच्यापासून काढून घेतलं होतं. मी माठापाशीच जाऊन तिचा हात धरला आणि रडत रडत सगळं सांगितलं. डबा, चुरा, साखर ती साखर, सगळं.

मला वाटलं होतं ती हात झिडकारेल. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. आधी सुटका. तिनं चक्क डोळे मिटून घेतले. आणि लगोलग दुसरंच काही. डोळे उघडून ती अधाशासारखी म्हणाली, "किती टाकलास चुरा?"

"अख्खा डबा."

"अख्खा? आन् साखर किती व्हती? ये, दाव मला." आणि मला ओढतच भट्टीत घेऊन गेली. रागवायचं राहूनच गेलं. म्हणजे पुढं रागावली ती, पण संध्याकाळी, आणि तेव्हा चांगली सालटी काढली. त्या वेळी मात्र तिला घाई होती. लहान पातेली काढली. एकात साखर आणि मूठभर गोळीचा चुरा, दुसऱ्यात दोन मुठी, तिसऱ्यात तीन. प्रत्येकाचा पाक करायचा, घोटायचा, बघायचं. एका मुठीचा पाक उशिरा का होईना पांढरा झाला. दोन मुठींचा रडतखडत झाला. तिसरा नाहीच. आत्या मांडी ठोकून म्हणाली, "हितं अडतंय." मी विचारलं, "आत्या, तुला हे माहीत होतं म्हणूनच डबे वेगळे ना?" ती म्हणाली, "मला कुठं म्हाईत? त्यो कारागीर पाळायचा म्हनून मी पाळलं. तू मोडलंस तवा कळलं कशापायी ते."

मग बिघडलेल्या गाठी तिनं थोड्या थोड्या करून पुष्कळशा नव्या साखरेत विरघळवल्या. दुसऱ्या मुठीच्या पुढं जायचं नाही, हे ठरवूनच. आणि वर मागच्या खेपेतल्या एका चांगल्या गाठीची पूड टाकली. "दह्याला इरजन लागतं का न्हाई? तसं," म्हणाली. दांडा माझ्या हातात दिला. घोट म्हणाली. मी घोटत होते, घामानं डोळे झोंबत होते, पाक चकाकतच होता. हात भरून आले. आत्या म्हणाली, "थांबायचं न्हाई. त्यो ठरवतोय." आणि मग माझ्या डोळ्यांदेखत, कढईच्या एका कडेनं धूसर झाक उठली आणि दहा आकडे मोजायच्या आत सगळी कढई दुधासारखी पांढरी झाली. इतका वेळ काही नाही, आणि झालं ते एकदम. मी दांडा धरून नुसती उभी. "वत की आता, बघती काय," आत्या ओरडली. पाडव्याच्या गाठी वेळेवर नगरला गेल्या. मी मात्र त्या कढईपाशीच उभी राहिले म्हणायची, कारण पुढचं माझं सगळं आयुष्य त्याच प्रश्नात गेलं.

त्या प्रश्नाला शास्त्रात मोठं नाव आहे. पातळ पदार्थ निवताना कधी दाणा धरतो आणि कधी काचेसारखा थिजतो, आणि थिजताना इतका मंद का होतो. गोळीच्या पाकात लिंबू पिळलेलं असतं, त्याच्या आंबटानं साखरेचे दोन वेगळे तुकडे होतात. सारख्या आकाराचे कण रांगेत बसतात, त्यांत ही वेगळ्या आकाराची मंडळी घुसली की रांग जमत नाही. हे झालं गोळीच्या चुऱ्याचं. पण खरी गंमत त्याच्या पुढं आहे. डॉक्टरेट करत होते तेव्हा एकदा घरी आले असताना आत्यानं विचारलं, "तू तितं करतीस काय गं?" मी म्हटलं, "पाक का थिजतो ते बघते." ती म्हणाली, "आन् त्याचा पगार देत्यात?" मग मी तिला जनावरांच्या बाजाराचा दाखला दिला. म्हटलं, सकाळी बाजार रिकामा असतो तेव्हा एक बैल हवा तिथं नेता येतो. नाना तऱ्हांनी जनावरं उभी करता येतात. गरम पाक तसा. या तऱ्हा किती, याच्या हिशेबाला आम्ही एन्ट्रॉपी म्हणतो. बाजार भरत गेला की तऱ्हा कमी होतात. एक बैल हलवायचा तर आधी शेजारचे चार हलावे लागतात, त्या चारांसाठी आणखी दहा. पाक निवतो तसं हेच होतं. तऱ्हा जितक्या कमी, तितकी मोठी टोळी एकदम हलावी लागते, आणि म्हणून सगळं मंदावत जातं. वरून पाहिलं तर नुसती गर्दी. पण आत कुठं कुठं जनावरं नीट दावणीला लागल्यासारखी बसलेली असतात, ते कोपरे सगळ्यांत शेवटी हलतात. बाहेरून रचना दिसत नाही, आणि असते मात्र.

आत्यानं पानाला चुना लावता लावता सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजी गोळी गार झाल्याव आतला पाक हलायचा थांबतोय, का लई सावकाश हलतोय म्हनून आपल्याला दिसत न्हाई?" हाच प्रश्न माझ्या गाइडनी मला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दिला होता, आणि आजही त्याचं पक्कं उत्तर कुणापाशी नाही. मी म्हटलं, "आत्या, ते अजून कुणालाच माहीत नाही." ती म्हणाली, "मग पगार देत्यात ते बरोबर हाय." मला तिचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. आजही वाटतो.

मला नोकरी लागून काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आत्याला साखरेचा आजार झाला होता. गोड न खाता. "खाल्ली न्हाई तरी लागली," म्हणून ती स्वतःच हसायची. हातापायांना मुंग्या येतात अशी तक्रार मात्र असायची. शिमग्याच्या सुट्टीत मी घरी गेले होते. भट्टीत ती पाटावर, मी शेजारी. सकाळपासून दोन कढया बिघडल्या होत्या. पहिली जास्त चढली, दुसरी कमी पडली. तिसऱ्या कढईत तिनं बोट घातलं, काढलं, अंगठ्यानं चोळलं, परत चोळलं. मग माझ्याकडं वळली. आवाज एकदम खाली आणून, जवळजवळ लाडीगोडी लावत म्हणाली, "सुमे, खरं सांग. तू काय टाकलं न्हाईस न्हवं यात?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. टाकलं गं, चुकले, एवढं म्हटलं असतं तर तिनं मला शिव्या दिल्या असत्या आणि पाटावरून हलली नसती. जिभेवर आलं होतं. पण त्या एका दिवसाच्या गप्प राहण्यानं तिला काय झालं होतं ते मी माठापाशी पाहिलं होतं. खोटं बोलायला आता मला तोंड नव्हतं. मी म्हटलं, "नाही आत्या. काही टाकलं नाही."

तिनं बोट लुगड्याला पुसलं. "मग ह्या बारीला खरंच गेलं," म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली, पाट माझ्याकडं सरकवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी म्हटलं, "मी?" ती म्हणाली, "मग कोन? इतकी वर्सं पुस्तकात पाक बघतीस. बोट वलं कर. भ्यालीस तर भाजंल. आन् काय लागतंय ते मोठ्यांदा सांग मला, मी हितनं सांगती."

मी बोट पाण्यात बुडवलं, पाकात घातलं आणि तिला सांगायला लागले.